वाण

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा केला
आणि पेन्सिलीनं आमचं घराणं काढायला घेतलं.
बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन,
मेलेल्यावर तिरपी रेघ.

वच्छला आत्या माझ्या शेजारी.
पहाटेच्या एसटीनं आर्णीवरून निघालो,
शिदोरीतली भाकर तशीच.
दोन घासांत पोट भरतं तिचं, सहा महिने झाले.
गावात आम्ही त्याला गॅस म्हणत होतो.
मेडिकलवाल्या पोरानं गुलाबी गोळ्या दिल्या, मीही दिल्या.
मी अंगणवाडीची. कुठलं लेकरू किती ग्रॅम भरलं
ते मला तोंडपाठ.
आत्याचं फुगणारं पोट माझ्या कुठल्याच रजिस्टरात नव्हतं.

वय? त्रेसष्ट.
पाळी कधी आली? "बारावं होतं. पोळ्याच्या दिशी."
गेली कधी? "लई उशिरा."
बाळंतपणं?

आत्या खिडकीबाहेर पाहते.
शून्य, मी सांगते.

याच आकड्यापायी सासरहून परत आली ती.
कुणाच्या डोहाळजेवणात तिला पाट मिळाला नाही,
पुऱ्या मात्र तिनंच तळल्या.
"म्हंजे बाई, इथंबी माहीच चूक काय वो?"

पेन्सिल थांबते.
"धोका म्हणजे दोष नव्हे, आत्या.
अंडाशयाला दर महिन्याला चीर पडते, ती भरून येते.
पोटात लेकरू असलं की तेवढे महिने त्याला आराम.
तुमच्याला सुट्टीच मिळाली नाही."

हे तिला पटलं.
"माह्यावानीच हाये मंग थे."

मला वाटायचं हा कॅन्सर एकच असतो,
जसं शहरातल्यांना वाटतं कापूस एकच असतो.
पण वाण वेगवेगळे.
एक कोवळ्या पोरींना धरतो, झपाट्यानं वाढतो, औषधाला मात्र ऐकतो.
एकाच्या गाठीत चिकट पाणी साठत जातं.
दोन असे, की पाळीत गडबडा लोळणाऱ्या बायांच्या
जुन्या दुखण्यातून कधीमधी उगवतात.
(कोतवालाची सून आठवली.
"सगळ्याच बायांचं दुखते," म्हणून मीच तिला परत पाठवली होती.)
आणि आत्याचा, सगळ्यांत जास्त सापडणारा.
नाव अंडाशयाचं, पेरणी बहुतेकदा नळीच्या झालरीत.
बोंड वरून हिरवंगार
आणि आत अळी.
हा कधीकधी घराण्यातून येतो.

तुमची आई?
"पोट फुगून गेली. वायगोळा म्हनत."
नाव?
सासरचं सरस्वती. माहेरचं कुणालाच ठाऊक नाही.
आईची बहीण?
"दारव्ह्याची. छातीत गाठ होती. नवस केला होता."
रेघ.
रेघ.

मग एक चौकोन, माझा बाप.
सत्तरीचा, धडधाकट, आत्ता म्हशीला पाणी दाखवत असेल.
बाईंनी त्याचा अर्धा चौकोन काळा केला, वर प्रश्नचिन्ह.
"बापाकडूनही येतं हे. त्याला बहुधा काही होत नाही,
तो पुढं देतो.
लेक असो की लेकी, प्रत्येकाला आठ आणे शक्यता."

मला हसू आलं, दवाखान्यात येऊ नये तसं.
पाच एकर भावांच्या नावे झाली तेव्हा
हक्कसोडावर सही केली होती मी.
ही वाटणी मात्र सारखी झाली.

"आणि तुम्ही?"
दोन लेकरं. टाक्याचं ऑपरेशन, आरोग्य केंद्राच्या कॅम्पात,
सतरंजीवर ओळीनं निजवलेल्या बायांमध्ये नऊ नंबरची.
"त्यानंही धोका थोडा कमी होतो."
त्या कॅम्पाला जन्मभर शिव्या दिल्या मी.

माझा गोल त्यांनी कोरा ठेवला.
आधी आत्याचं रक्त घेतलं; त्यात सापडलं तर माझं.
अहवालाला तीन आठवडे.

परतीच्या गाडीत कागदाची झेरॉक्स आत्याच्या मांडीवर.
वर्धा गेली, देवळी गेली.
ती एकेका गोलावर बोट ठेवत होती,
जणू पोळ्या मोजत होती.
कळंबच्या अलीकडे एकदम म्हणाली,
"धुरपता. माह्या मायचं माहेरचं नाव. मामा तिले धुरपते म्हने."

मी पेन काढला.
खड्ड्यात गाडी आदळली,
"ता" गोलाच्या बाहेर गेला.
तसाच राहू दिला.